खेकड्यानं मागे वळून का पाहिलं

काल तुझं दहावं झालं, नलूताई, आणि मी अजून तुझ्यावर रुसलेली आहे.

किती तयारीनं आले होते, तुला काय सांगू. मला खात्री होती की कावळा शिवणार नाही. प्रज्ञा पिंड ठेवील, आम्ही सगळे मागे सरू आणि कावळे सुरूच्या झाडांवर बसून नुसते बघत राहतील. मग प्रज्ञा म्हणेल, "आई, तुझी वाडी विकणार नाही." कावळा ढिम्म. कुणी म्हणेल, "लेकीची काळजी करू नका, आम्ही आहोत." तरी ढिम्म. भटजी घड्याळाकडे बघायला लागतील. मग मी पुढे होईन आणि कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणेन, "नलूताई, टीव्ही बंद होता. तरी पोरांना गोष्ट कळली." आणि कावळा येईल. तो कशामुळे आला, हे फक्त मला कळेल. हे वाक्य मी अलिबागहून स्कूटरवर येताना घोकत आले होते. घोकण्याचा तुला किती राग, ते माहीत असूनही.

आणि झालं काय? प्रज्ञानं पिंड ठेवून हात पुरता मागे घेतला नव्हता, तोच कावळा हजर. भटजी म्हणाले, "बाई तृप्त गेल्या हो, काही मागं राहिलं नाही." सगळ्यांनी सुस्कारा सोडला. मी वाळूत तशीच उभी, वाक्य तोंडातल्या तोंडात. म्हटलं, तृप्त कशी? दोन वर्षं माझ्याशी वाद घातलास आणि निकाल न ऐकताच उठून गेलीस?

म्हणून आज शाळा सुटल्यावर इथेच, तुझ्या खुर्चीसमोर बसले आहे. सगळं पहिल्यापासून सांगते. तुला माहीत आहे तेही सांगते, कारण आता तू मध्ये बोलणार नाहीस. ही सोय मला पहिल्यांदाच मिळते आहे.

मी बदली होऊन आले तेव्हा तू मुख्याध्यापिका होतीस, आणि मुख्याध्यापिका कुणाची, तर एकट्या माझी. दोन मास्तरणी, चार वर्ग, मागे नारळाची वाडी आणि पुढे ओढून ठेवलेल्या बोटी. पहिले काही महिने मी तुला मॅडम म्हणायचे. मग एकदा मुरुडहून येणारी एसटी रस्त्यात बंद पडली आणि आपण दोघी भर उन्हात चालत निघालो. तू घामाघूम होऊन थांबलीस आणि म्हणालीस, "मॅडम मॅडम काय लावलंयस गो? वर्गात ठीक हाय. रस्त्यावर ताई म्हण, न्हायतर ती छत्री मला दे." छत्री मी दिली नाही, ताई म्हटलं. पुढे जरा गेल्यावर छत्रीही तुझ्याकडेच गेली.

कागदावर तू शुद्ध लिहायचीस आणि तोंडानं कोळीवाड्याचं बोलायचीस. साहेबांसमोरसुद्धा. मला आधी त्याची लाज वाटायची, मग सवय झाली, आणि आता तो आवाज कानात नाही याचीच सवय होत नाहीये.

मानसी आठवते ना, दुसरीत होती तेव्हाची? तालुक्याच्या वाचनस्पर्धेत पहिली आलेली. काय वाचायची पोरगी! स्वल्पविरामाला थांबायची, उद्गारचिन्हाला भुवया उंचवायची. शाळा तपासायला कुणी आलं की आपण तिलाच उभं करायचो. एक दिवस ती शंखातल्या खेकड्याची गोष्ट वाचत होती. खेकडा वाढतो, त्याला शंख लहान होतो. किनाऱ्यावर त्याला मोठा शंख सापडतो. तो जुना शंख सोडून नव्यात शिरतो आणि निघतो. शेवटचं वाक्य होतं, 'जाताना त्याने दोनदा मागे वळून पाहिले.'

तू सहज विचारलंस, "का गो, मागं वळून का पाहिलं त्यानं?"

मानसीनं पुस्तक वर धरलं आणि तेच वाक्य घडाघडा वाचून दाखवलं.

"ते कळलं. पन का?"

तिनं तेच वाक्य आणखी मोठ्यांदा वाचलं. कुणी हसलं नाही. तू प्रश्न पुढे सरकवत गेलीस आणि प्रत्येकानं तेच वाक्य वाचून दाखवलं. पोरांना वाटलं, बाईंना आज ऐकू कमी येतंय.

त्या दुपारी तू डबा उघडला नाहीस. म्हणालीस, "सायली, आपण यांना वाचायला शिकवलंच नाही. आवाज काढायला शिकवलं." मी काहीतरी समजूत घालायला गेले. तू हात वर करून मला गप्प केलंस. "एवढ्या वर्षांत मी सगळ्यांना असंच शिकवलं असेल तर?" त्या दिवसापासून तुला एकच गोष्ट हवी होती. ही पोरं चौथी पास होऊन शाळेतून जायच्या आत एकदा तरी त्यांना वाचलेलं आपलं आपण कळावं. तुझं बाकी सगळं शिकवणं बरोबर होतं की फुकट गेलं, हे तू त्या एका गोष्टीवर लावून ठेवलंस. मला ते अन्यायाचं वाटायचं. पण तुला कोण सांगणार?

माझ्या मते उपाय माझ्याकडे होता. मच्छीमार सोसायटीनं शाळेला टीव्ही दिला होता आणि मी नुकतीच प्रशिक्षणाला जाऊन आले होते. मी आठवडाभर खपून खेकड्याचं कार्टून केलं. निळी ताडपत्री म्हणजे समुद्र, कागदाचा खेकडा, खरे शंख. खेकडा जरासा सरकवायचा, मोबाईलवर फोटो काढायचा, पुन्हा जरासा सरकवायचा. सगळे फोटो भरभर दाखवले की खेकडा चालायला लागतो. पोरं वेडी झाली. बाकांवर चढली. आणि तू दारात, कमरेवर हात ठेवून.

"छान हाय," म्हणालीस. तुझ्या 'छान'चा अर्थ मला तोवर कळायला लागला होता.

"काय चुकलं?"

"पोरगं वाचतं तेव्हा त्याच्या डोक्यात त्याचा खेकडा येतो. तू तुझा खेकडा आधीच आणून बसवलास. त्याच्या खेकड्यानं आता जावं कुठं?"

"आणि ज्याच्या डोक्यात खेकडा येतच नाही त्याचं काय, ताई? त्यानं कोऱ्या डोळ्यांनी वाक्यं वाचत बसायचं?"

हा वाद आपण किती ठिकाणी घातला असेल! जेवताना, एसटीच्या थांब्यावर, तुझ्या वाडीत सुपाऱ्या वेचताना. एकदा तर तुझ्या नात्यातल्या लग्नात, पंगतीत समोरासमोर बसून. वाढणाऱ्या बाईला वाटलं, आपण दोघी जिलबीवरून भांडतोय.

त्याच प्रशिक्षणातून मी आणखी एक गोष्ट आणली होती. चौघांचा गट करायचा, गोष्टीचे चार भाग करायचे. प्रत्येकानं आपला भाग वाचायचा आणि बाकीच्या तिघांना सांगायचा. सगळ्यांचं ऐकलं की प्रत्येकाकडे अख्खी गोष्ट. कागदावर काय सुरेख दिसत होतं! मी भाग वाटले. पोरांनी माना खाली घालून वाचले. आता सांगा म्हटलं, तर वर्ग चिडीचूप. एकही तोंड उघडेना.

मी मानसीला विचारलं, तर ती कागद छातीशी धरून म्हणाली, "हा माझा वाटा हाय ना? मंग मी कशाला सांगू? आमचा बाबा सांगतो का कुनाला, मासली कुठं गावली ती?"

अरमाननं लगेच दुजोरा दिला. "माझे अब्बा पण नाही सांगत. सांगितलं तर दुसऱ्या दिवशी सगळ्या बोटी तिथंच."

मी सहकार्यावर भाषण सुरू केलं. तू खिडकीच्या कट्ट्यावर बसून इतकी हसत होतीस की तुझा चष्मा खाली आला. मग उठलीस, मला बाजूला केलंस आणि पोरांना विचारलंस, "बोटीवर मासली मिळाली की कुठं टाकतात रं?"

"बोटीतच."

"ज्याची त्याची वेगली?"

"न्हाय बाई! सगली एकत्र."

"आनि वाटे कधी पडतात?"

"किनाऱ्याला लागल्यावर."

"मग हे चौघं म्हणजे एक बोट. जे वाचलंत ते आधी मधे ओता. एकानं जरी लपवलं तर बोट किनाऱ्याला लागायची न्हाय. दुसऱ्या बोटीला सांगायचं का नाही, ती तुमची मर्जी."

काय गलका झाला त्यानंतर! प्रत्येक बोटीला एक तांडेल नेमलास, रोज नवा, म्हणजे कप्तानकी सगळ्यांच्या वाट्याला. एखाद्याचं सांगणं अर्धवट असलं की बोटीतले बाकीचे ओरडायचे, "अजून ओत!" ती भाषा मला कुठल्याही प्रशिक्षणात मिळाली नसती. तू त्या वाड्यात जन्मलीस म्हणून ती तुझ्या तोंडी आली. त्या दिवशी मी मनातल्या मनात तुझ्या पाया पडले होते. तोंडावर बोलले नाही, कारण तू महिनाभर ऐकवलं असतंस.

मग कार्टूनचंही तू उलटं केलंस. "तू नको करूस. पोरं करतील. आधी वाचतील, मग करतील." मानसीच्या बोटीला तोच खेकडा आला. ताडपत्रीवर खेकडा सरकवता सरकवता पोरं शेवटाला पोचली आणि तिथं अडली. जुना शंख कुठं ठेवायचा? खेकडा वळतो तो शंखाच्या जवळ असताना, की लांब गेल्यावर? ज्या पुस्तकाला त्यांनी सुट्टीत कधी हात लावला नव्हता, ते चौघांनी चार बाजूंनी ओढलं. अरमान म्हणाला, "दोनदा आहे. दोन वेळा वळवायला लागेल."

"दोनदा कशाला?" तू विचारलंस. आवाज मुद्दाम थंड.

मानसीनं कागदी खेकडा एकदा वळवून बघितला, पुन्हा वळवून बघितला. मग म्हणाली, "पयल्यांदा बघितलं ते सोडून चाललो म्हणून. मंग परत बघितलं, शंख अजून तितंच हाय का म्हणून."

मी तुझ्याकडे पाहिलं. तू चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलंस. मी बहुधा नाचायच्या बेतात होते, कारण तू लगेच म्हणालीस, "पायाला आवर घाल. टीव्ही होता, ताडपत्री होती, म्हणून झालं. मोठ्या शाळेत कोण ताडपत्री अंथरून देणार हाय यांना? टीव्ही बंद झाल्यावर काय?"

तिथेच आपला वाद थांबला. कारण त्यानंतर तुझी मूत्रपिंडं थकली, आणि ठरलेल्या दिवशी तुला गाडीत घालून अलिबागला डायलिसिसला न्यायला लागले.

रजेवर गेलीस तरी प्रश्न सोडला नाहीस. मी भेटायला आले की तब्येतीचं विचारायच्या आत तू विचारायचीस, "टीव्ही बंद झाल्यावर काय?" चहाचा अर्धा कप मिळायचा तुला, तो तू घोट घोट पुरवायचीस. कोळीवाड्यातून कुणी ना कुणी ताजी मासळी आणून द्यायचं आणि ती तुला चालायची नाही. माझ्याकडून तळून घ्यायचीस, मला खायला लावायचीस आणि कशी झाली ते वर्णन करून सांगायला लावायचीस. मी सांगितलं की म्हणायचीस, "अजून ओत." मला तो घास गिळवायचा नाही, ताई. ते आता सांगते.

तर निकाल. तू गेलीस त्याच्या आधीच्या शनिवारी मी जुन्या बोटीची गोष्ट घेणार होते. पोरांना जरा धक्का द्यावा म्हणून सुरुवातीचं कार्टून मीच करून आणलं होतं. (हो, तुझ्या माघारी केलं. रागवू नकोस.) टीव्ही लावला आणि वीज गेली. मी म्हटलं, सोमवारी बघू. तर आपली मानसी, आता चौथीतली, उभी राहून म्हणाली, "सोमवारी कशाला? द्या ना पुस्तक. आमी बघतो." पोरांनी आपणच बाक सरकवले, बोटी लावल्या, तांडेल ठरवले. मला कुणी काही विचारलं नाही. मी दारात उभी राहिले, तू राहायचीस तशी.

गोष्टीत एक म्हातारा नाखवा आहे. त्याची बोट आता पाण्यात जात नाही, तरी तो दरवर्षी तिला रंग लावतो. का लावतो, ते पुस्तकात कुठंच लिहिलेलं नाही. मी विचारलं. एकानंही वाक्य वाचून दाखवलं नाही, नलूताई. एकानंही नाही! अरमान म्हणाला, विकायची असेल. मानसी म्हणाली, सवय झाली असेल, आमचा आजा पण रिकाम्या हातानं जाळं विणतो. कुणी म्हणालं, लोकांना कळू नये म्हणून. भांडाभांडी झाली, पुस्तकं उलटीसुलटी झाली. अंधारलेल्या वर्गात मी एकटी रडत होते आणि पोरांचं माझ्याकडे लक्षही नव्हतं.

हे मला फोनवर सांगायचं नव्हतं. मला तुझा चेहरा बघायचा होता. रविवारी मी अलिबागला घरी. सोमवारी तुझं डायलिसिस, आणि तिथून आलीस की तुला कुणी बोललेलं सहन व्हायचं नाही. म्हणून मंगळवार धरला. मंगळवारी सकाळी प्रज्ञाचा फोन आला की तू झोपेतच गेलीस.

खरं सांगू? फोन ठेवल्यावर मला पहिल्यांदा हायसं वाटलं. आता सुई नाही, गाडीतले धक्के नाहीत, अर्धा कप नाही. रडू त्यानंतर आलं. तुझ्या घरी आले तेव्हा मागच्या दोरीवर तुझी ती ठेवणीतली हिरवी साडी वाळत होती. मनात आलं, ही कुठं नेसली होती आता? पण अशा वेळी कोण विचारतं.

काल कावळा शिवल्यावर घरी आलो. प्रज्ञानं माझ्या हातात चहा दिला, पूर्ण कप, आणि म्हणाली, "सायलीताई, आई खूश होती हो शेवटी. पोरं येऊन गेली ना रविवारी." मी विचारलं, कुठली पोरं? तर ती म्हणाली, "तुम्हाला कुणी सांगितलंच नाही?"

रविवारी मानसीची अख्खी बोट तुझ्याकडे आली होती. चपला दारात काढून चौघं खाटेभोवती बसली आणि म्हणाली, बाईंना गोष्ट द्यायला आलोय. ज्यानं त्यानं आपला भाग सांगितला. तू डोळे मिटून ऐकलंस आणि शेवटी विचारलंस, "नाखवा रंग कशाला लावतो गो?" शनिवारचं ते सवयीचं उत्तर मानसीनं दिलंच नाही. प्रज्ञा म्हणाली, ती तुझ्याकडे बघत राहिली आणि मग म्हणाली, "बोटीला वाटू नये ना, ती म्हातारी झाली म्हणून."

पोरं गेल्यावर तू प्रज्ञाला म्हणालीस, "माझी ती हिरवी साडी काढ. उद्या दवाखान्यात तीच नेसून जाते." प्रज्ञा म्हणे हसली. तू हसली नाहीस. सोमवारी खरंच ती नेसून गेलीस आणि तिथल्या नर्सबाईंना विचारलंस, रंग कसा दिसतोय.

आणि पोरं निघाली तेव्हा त्यांना दम भरला होतास, "सायलीमॅडमना सांगायचं न्हाय. तिला येऊन सांगू दे. मी पहिल्यांदाच ऐकते असं दाखवीन." म्हणजे तू नाटक करायला तयार होऊन बसली होतीस. डोळे मोठे करणार होतीस, "काय सांगतेस!" म्हणणार होतीस. ते बघायचं राहिलं याचं मला फार वाईट वाटतं. पण तुला कळलं होतं. जाण्याआधी, आणि माझ्या तोंडून नाही, पोरांच्याच तोंडून. काल प्रज्ञाच्या स्वयंपाकघरात ते ऐकलं आणि दोन वर्षं छातीवर धरून बसलेलं काहीतरी सुटलं. मी तिच्या गळ्यात पडून हसत होते. बाहेर बसलेल्या बायकांना काय वाटलं असेल ते असो.

आज वर्गात मी मानसीला पकडलं. "दहा दिवस मी तुमच्यासमोर रडतेय, आणि तुम्ही चौघांनी ब्र काढला नाही?"

ती शांतपणे म्हणाली, "दुसऱ्या बोटीला सांगायचं नसतं, मॅडम. बाईंनीच शिकवलंय ना."

घे. शेवटी मला दुसऱ्या बोटीत बसवून गेलीस.

वाद मात्र मी सोडलेला नाही. त्या पोरांच्या डोक्यात जो खेकडा आहे तो माझ्या ताडपत्रीवरून चालत गेलाय, हे तुला मान्य करावं लागेल. तू केलं नसतंस. "चल, अर्धं तुझं," म्हणाली असतीस फार तर. ते अर्धं मी घेते.

आता रुसवा संपला. कावळा लगेच का आला, हे काल माझ्या डोळ्यांसमोर लिहिलेलं होतं आणि मी तेच वाक्य मोठमोठ्यांदा वाचत बसले होते, दुसरीतल्या मानसीसारखी. खेकड्यानं दोनदा मागे वळून पाहिलं, कारण आपला शंख अजून तिथंच आहे का, हे त्याला ठाऊक नव्हतं. तुला ठाऊक होतं. म्हणून तू एकदाही वळली नाहीस.